पकड

सावद्याच्या दुकानात तीन जोड घालून पाहिले.
दुकानदार आरशाकडे बोट दाखवायचा,
मी बाहेरच्या गाडीकडे.
स्टँडवरच बसले, फूटरेस्टवर तळवा दाबला.
तिन्ही घसरले.

दिवसभर केळीच्या बागा मोजायच्या,
बुटाला चीक, चिखल, सालपटं.
रावेरच्या वळणावर पाय सुटला
तेव्हापासून उजवी पोटरी
झोपेतही ब्रेक शोधते.

शेवटी सुपडूअप्पा.
जुनाच बूट मांडीवर उलटा घेतला:
"कोनत्या पायानं ब्रेक मारते वं?"
मग ट्रॅक्टरच्या टायरची पट्टी,
नक्षी आडवी,
खिळे टाचेकडे जास्त.
ऐंशी रुपये.

आता पाय उचलावा लागतो,
आपोआप निघत नाही.

काल बागेत राखणदार वाकून
माझ्याच पावलांकडे बघत होता,
"रात्री ट्रॅक्टर कोनी घातला इथं?
अन् एवढासा?"