तीन बटणं एकदम

कपाट तयार झालं तेव्हा ते कपाटच दिसत होतं.
अठरा एमएमचं प्लाय, कुर्ल्याहून टेम्पोत उभं आणलेलं,
समोर बारा गोल भोकं, मागे दार नाही.
कन्नमवार नगरातले शेजारी विचारून गेले,
देव्हारा करताय का?
मी म्हटलं, तसंच काहीसं.

बटणं बसली. दाबलं की टक्.
पण टक् म्हणजे नुसतं टक्.
बटणाला बोलता येतं, लिहिता येत नाही.
त्याचं म्हणणं अक्षरात उतरवून
कॉम्प्युटरला वाचून दाखवणारा कुणीतरी मध्ये लागतो,
कोर्टाबाहेर टायपिंगवाला बसतो तसा.
त्याला एन्कोडर म्हणतात.

फुकटातला घरातच होता.
कुमुदताईचा कीबोर्ड, फोर्टातल्या डीटीपी सेंटरचा,
सेंटर बंद झालं त्या दिवशी
मालकाने शेवटच्या पगारात वळता करून दिलेला.
एकोणीस वर्षं लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं,
सोसायट्यांचे ठराव.
र आणि त पार पुसलेले.
सतरा स्क्रू काढले. आत
प्लास्टिकचे पारदर्शक कागद, त्यांवर
आडव्याउभ्या चंदेरी रेघा,
रेघ रेघेला भेटली की अक्षर.
कोपऱ्यात नखाएवढा कारकून.

दोन बटणांपर्यंत ठीक चाललं.
तीन एकदम दाबली तर चौथं उमटलं,
कुणीच न दाबलेलं.
मामा, भूत! ओजस नाचायला लागला.

ताई गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली,
माझ्या हातून असं कधी झालं नाही.
मी एका वेळी एकच दाबायचे.
‘स्त्री’ लिहितानासुद्धा
आधी स, त्याचा पाय मोडायचा,
मग त, त्याचाही पाय मोडायचा,
मग र, मग वेलांटी.
घाई केली की चुका.

लॅमिंग्टन रोडला, चार पायऱ्या उतरून, कपासीचं दुकान.
साडेचारशेवाला दाखवत म्हणाला, झीरो डीले, साहेब, झीरो.
पण असे दोन लावले आणि वीज जाऊन आली
की पहिला खेळाडू दुसरा होतो, दुसरा पहिला.
आमच्याकडे तेवढ्यावरून जेवणं थांबलेली आहेत.
मग त्याने वरच्या फळीवरून
स्पंजात गुंडाळलेली हिरवी पट्टी काढली.
बावीसशे.
ज्याची त्याची वायर, ज्याचा त्याचा स्क्रू,
कुणी कुणाच्या रेघेत येत नाही.
परतीला तेवढी सगळ्यांत मिळून एक काळी वायर,
बटणाहून बटणाला.
सगळी पोरं एकदम ओरडली, तरी ही
एकेकाचं वेगळं ऐकते, म्हणाला कपासी.
भाव करायचा नाही असं ठरवून
मी शंभर कमी करून घेतले.

काळी वायर वीतभर कमी पडली.
जुन्या डोअरबेलची लाल जोडली, आतून कोण बघतंय.
ताईचा कीबोर्ड पुन्हा बंद केला.
स्क्रू सोळाच भरले.

रविवारी ओजस आणि तळमजल्यावरची शिफा
चार हातांनी तुटून पडली.
एकही भूत नाही.

मग ताईला बसवलं.
पाठ ताठ, मनगटं उचललेली,
बटणांकडे बघायचं नावच नाही.
एक दाबायची, तळापर्यंत, सोडायची, मग दुसरं.
तीन वेळा मेली.
चौथ्यांदा थांबून तिने विचारलं,
यात स्पेस कुठली?

तिसरं, पिवळं, मी म्हटलं.
एन्कोडर त्याला स्पेसच म्हणतो.

तिने अंगठा आडवा ठेवला.
पडद्यावरचा माणूस जागच्या जागी उड्या मारू लागला,
पुढे नाही, मागे नाही,
एका लयीत, एखादी पत्रिका चालू असल्यासारखा.
खालून गोळ्या येत गेल्या.
एकही लागली नाही.