एकसष्ट दिवस

सोसायटीच्या ऑफिसात संगणक एकच,
आणि त्याच्या सिस्टीमला आवृत्ती नाही.
म्हणजे अमुक नंबरची, तमुक सालची, असं काही नाही.
ती रोज थोडी थोडी येते.
आज प्रिंटरचं काहीतरी, उद्या फॉन्टचं,
परवा कुठल्यातरी लायब्ररीची नुसती शेपटी बदललेली.

सोमवारी, बर्फाची गाडी येण्याआधी,
मी उदबत्ती लावते आणि अपडेट सोडते.
उदबत्ती चेअरमनसाठी. अपडेट माझं.
आधी सूचना वाचायच्या, काय मोडणार आहे, हातानं काय करावं लागेल,
मग पॅकेजची यादी वरपासून खालपर्यंत,
आई लिलावात सुरमईचे कल्ले उचकून बघायची तशी.
मग एन्टर.

जूनमध्ये बंदी लागली.
होड्या वर ओढल्या, झावळ्यांनी शाकारल्या,
इंजिनं घरोघर गेली,
आणि मी पडद्यावर जुनी चादर टाकून
बहिणीकडे राजापूरला.
वाटलं, होडीसारखंच हेही.
वर ओढून ठेवल्यावर काय बिघडतंय.

एक ऑगस्टला चादर काढली.
तेराशे बेचाळीस पॅकेजेस.
आणि पहिल्यालाच अडलं: सही ओळखता येत नाही.
ज्यांच्या सह्यांवर माझा भरवसा
त्यांच्यातल्या काहींच्या चाव्यांची मुदत
मी फणसाची भाजी चिरत असताना संपली होती.
आधी चाव्या नव्या करून घ्यायच्या, मग बाकीचं. तेवढं केलं.
पण खिडकीशी डिझेलच्या कुपनांना चोवीस तांडेल उभे,
सूचना वाचायला वेळ कुठला.
पुढे जायचं का?
हो.

नऊशे सातव्या पॅकेजला लाईट गेली.
यूपीएसची नवी बॅटरी दोन वर्षं ठरावात मंजूर आहे.

लाईट आली तेव्हा काळा पडदा,
कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत,
आणि एक ओळ: कर्नल सापडत नाही.

भागोजी कुबल खिडकीतून, "गे मालन, मेला काय ता?"
नाही हो. अर्धं जुनं, अर्धं नवं. मधेच अडकलंय.
"मगे जुन्यानच काढ कुपना."
जुनं असं आता काही राहिलेलं नाही
हे त्यांना कसं सांगू.
कार्बन घातला आणि हातानं लिहायला बसले.

रांग सरली तरी ते बाकावरच.
खाडीच्या तोंडाशी सकाळी जाऊन आले होते.
"रेती सरकली हा. मे म्हयन्यात जी वाट होती ती नाय आता.
शिसां सोडून बघूक होया, मगेच होडी."
तीस वर्षं त्याच तोंडातून जाताय की तुम्ही.
"तीस वर्षां शिसां सोडतंय," म्हणाले, आणि तपकीर ओढली.

खणात, शिक्क्यांच्या डब्याखाली, पेनड्राइव्ह.
त्याच्यावरनं मशीन उठवलं,
बाहेरून आत शिरले,
पाहुण्याच्या पायांनी आपल्याच घरात.
राहिलेली चारशे पस्तीस. मग कर्नल पुन्हा.
पुण्याहून भाच्याचा फोन मधेच:
मावशी, ती दुसरी टाक ना, दोन वर्षांतून एकदाच बदलते.
होती रे माझ्याकडे. बदलली त्या दिवशी
सगळंच एकदम बदललं, तीन दिवस पावती नाही.
मला थोडं थोडंच झेपतं.

चार वाजून वीस मिनिटांनी उठलं.
पहिली पावती काढली ती 'दर्यादौलत'ची.
मेपासून त्यातला रफार
शेजारच्या 'दौ'वर जाऊन बसत होता,
मी पेनानं खोडून परत 'या'वर काढायची, प्रत्येक पावतीवर.
तो जागेवर होता.
कुणीतरी, कुठेतरी, या एकसष्ट दिवसांत
बसून एवढंच नीट केलं होतं.

भागोजींनी पावती घेतली, न बघता घडी घातली.

कॅलेंडरवर पुढचा जून नाही अजून.
म्हणून भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
बंदी. ऑफिस बंद.
सोमवारी येणे.