वाटणीपत्र

गेली एकोणीस वर्षं मी शिवाजीनगर कोर्टासमोर
दुसऱ्यांच्या घरांचे तुकडे टाइप करते.
पूर्वेस सामाईक भिंत, पश्चिमेस बोळ,
विहिरीच्या पाण्यावर आळीपाळीने हक्क,
आमचा आपसांत काही वाद उरलेला नाही.
(उरलेलाच असतो. त्याच्याखाली सह्या असतात.)

मनगटात पहिली कळ आली ती
थोरल्याच्या हिश्शातल्या चिंचेपाशी.
'च' करंगळीचा. तिथून निघाली,
कोपरापर्यंत गेली आणि बसून राहिली.

कर्वे रस्त्यावरच्या इनामदार मॅडमनी
माझे खांदे मागून धरले.
"दोन्ही हात एवढ्याशा फळीवर कोंबता,
एसटीत तिघांच्या बाकावर पाचवा बसावा तसे.
तोडका घ्या. दोन भागांतला मिळतो."

तपकीर गल्लीत गुंदेचांच्या पोराने
काचेवर तीन मांडले.
एक कमरेत वाकलेला, पण अखंड.
एक परातीसारखा खोल,
बोटं कणीक मळायला उतरावीत असा.
आणि एक सरळ दोन तुकडे.
"किंमत एकाची की जोडीची?"
"काकू, वाटणीला खर्च येतोच.
तुम्हाला मी काय सांगू?"

घेतला नाही. घरी आले.
मिठाईच्या खोक्याचं झाकण मधोमध कापलं,
पेनने चौकोन आखले,
आतल्या कडांखाली जुनी पासबुकं सारली
आणि आठ दिवस, रात्रीची ताटं उचलल्यावर,
पुठ्ठा बडवत बसले.
इथे सरकव, तिथे तिरका कर,
खांद्याला विचार, मग परत सरकव.
नवरा बराच वेळ बघत होता.
"प्रिंट कुठून निघते?" एवढंच म्हणाला.

इनस्क्रिप्ट शिकवताना बाईंनी सांगितलं होतं,
काना-मात्रा डावीकडे, व्यंजनं उजवीकडे.
पाठ केलं, विसरले, बोटांवर सोडलं.
पुठ्ठे वीतभर लांब गेले तेव्हा दिसलं
कोणाच्या वाट्याला काय आलंय.
उजव्याकडे घर. गरज. जग. परत.
कळ, तीही त्याचीच.
डाव्याकडे काने, मात्रा, वेलांट्या, उकार,
एकट्याने उभं राहता न येणारे सगळे,
आणि खालच्या ओळीत
कुणी तरी विसरून गेलेले म, न, व.
तेवढ्यावर त्याने संसार मांडलेला:
मी. मान. मन. नवीन.
मौन.
एकोणीस वर्षं हे एका फळीवर नांदत होते
आणि मला वाटायचं, दुखतंय ते वय.

'हात' लिहायला मात्र दोघे लागतात.
ह उजवीकडचा, काना पलीकडून,
त पुन्हा उजवीकडचा.

शनिवारी गेले. पोरगा म्हणाला,
बिनवायरचा न्या, सुटसुटीत.
म्हटलं, नको. मधे वायर हवी.
वेगळं निघालेल्यांत निदान एक दोर असावा,
मी फार कागद बघितलेत.
कळा हलक्या दे, पण इतक्याही नको
की बोट टेकताच
एखाद्या बहिणीचा हक्क सुटून जावा.

सोमवारी पहिलं काम हक्कसोडपत्राचंच निघालं.
हडपसरच्या द्रौपदा होले,
पदराच्या टोकाला आधार कार्ड बांधलेलं,
दोन भाऊ मागे उभे.
'बहीण' लिहायला घेतलं
आणि माझं डावं बोट जुन्या सवयीने
'ब' शोधत टेबलावर आपटलं.
तिथे नुसतं लाकूड.
ब आता पलीकडे राहतो. ह त्याच्या शेजारी.
वेलांटी आणि ण अलीकडे.

बोट वरच राहिलं.
भावांपैकी एकाने घड्याळ बघितलं.
द्रौपदाबाई पुढे वाकल्या,
दोन तुकड्यांकडे, मधल्या काळ्या वायरकडे
जरा वेळ बघत राहिल्या.
"बाई, अडलं का काही?"

"नाही," म्हटलं. "तुम्ही बसा निवांत.
मला थोडा वेळ लागेल."