मोजणी

कबेटेच्या टेकडीवर सकाळी सातला
मी इन्क्युबेटरचं दार उघडते.
सदतीस अंश. गाईच्या अंगाहून अंमळ थंड.
आत माझा कळप:
आडव्या बाटल्या, गुलाबी पाणी,
आणि पाण्यात नुसता गढूळपणा,
ताकावरच्या निवळीत असतो तेवढा.

शेण नाही, घंटा नाही, कानात गोचीड नाही.
गोचिडीनं जे द्यायचं ते दिलंय अकरा वर्षांपूर्वी
एका तांबड्या बोरान गाईला.
बिल्ल्यावर चारशे सात.
तिला राखणारा म्हातारा किमारू
कुणी नसताना वेगळ्याच नावानं हाक मारायचा,
ते त्यानं वहीत लिहू दिलं नाही.
तेराव्या दिवशी ती गेली, फुप्फुसात पाणी भरून.
तिच्या मानेच्या गाठीतून काढलेल्या या पेशी
अजून थांबलेल्या नाहीत.

त्या जंतूची खोडच ती.
राखणदार पेशीच्या पोटातच बिऱ्हाड करतो
आणि तिला मरायचं विसरायला लावतो.
ती दुभंगते, तोही दुभंगतो,
दोघींच्या पदरात सारखा.

पाणी पिवळं पडलं की समजायचं, भूक लागली.
मी वैरण घालते: साखर, क्षार,
आणि दहा टक्के
न जन्मलेल्या वासराच्या रक्ताची निवळी.
त्या बाटलीवर देश छापलेला असतो.
आईबद्दल काही नसतं.

मग मोजणी.
थेंबभर निळा रंग, काचेवर कोरलेले चौकोन.
जिवंत पेशी रंगाला दारात उभं करत नाही.
मेलेली घेते आत.

माझ्या वडिलांनी जन्मात गुरं मोजली नाहीत.
मोजू नयेत, दृष्ट लागते.
संध्याकाळी काटेरी कुंपणाशी उभे राहतात
आणि कोण आलं नाही
ते रंगावरून सांगतात.

दर रविवारी कजियाडोहून फोन. आधी गुरं, मग मी.
"गुरं कशी आहेत?"
"कालपासून दुप्पट."
जावयाच्या बढाईला हसावं तसे हसतात.

या सोमवारी एका बाटलीत औषध घातलं.
जंतू मेले.
आणि मागोमाग, माहीत होतं तरी बघवलं नाही,
पेशींना आठवलं.
बुधवारी वाढ नाही. शुक्रवारी निम्म्या.
शनिवारी चौकोनांत निळंच निळं.
मी आकडा लिहिला, सही केली,
"रेसियातो", तारीख.

"गुरं कशी आहेत?"
"काही गेली."
"कोणत्या रंगाची?"

हे मला आजवर कुठल्याच अहवालात
कुणी विचारलं नव्हतं.
"निळी," मी म्हणाले.

पलीकडे वारा. कुणीतरी खाकरलं.
"राखेसारखी निळी? तशी होती आपल्याकडे एक.
तुझ्या आईच्या देजात दिली.
वळून वळून बघत गेली."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "तू जेवलीस?"

मी हो म्हणाले.
मांडीवरच्या वहीत पान कोरं होतं,
आणि काचेपलीकडे बाकीच्या बाटल्यांत
पाणी पिवळं पडायला लागलं होतं.