गॅमा, एक पूर्णांक चार

लॅमिंग्टन रोडला, जिन्याखालच्या माझ्या दुकानात
पागधरेबाई लॅपटॉप घेऊन आल्या,
जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला.
"बाकी सगळं लख्ख दिसतं," म्हणाल्या,
"व्हिडिओ लावला की मात्र तिन्हीसांज होते."

शब्द बरोबर होता. डेस्कटॉपवर भर दुपार
आणि त्या चौकोनात कुणीतरी वात खाली केलेली.

मी नेहमीची वाट धरली.
चार्जर लावला, बॅटरी वाचवायचा पर्याय बंद केला.
दुसरा प्लेअर, तोच काळोख.
ड्रायव्हर काढला, घातला,
मशीन दोनदा झोपवून उठवलं.
दृश्याचा फोटो काढू गेलो
तर हाती आला नुसता काळा चौकोन.
ग्राफिक कार्ड कधीकधी असं करतं,
बघू देतं, नेऊ देत नाही.

"कशाचा आहे?"
"बारशाचा. चौऱ्याण्णव साल, माहीम.
ऐन पाळण्याच्या वेळी वीज गेली."
म्हणजे निम्मं दुखणं माझ्या हातातलं नव्हतंच.

ब्राइटनेस चढवला. पाळणा दिसला,
पण काळं होतं ते सगळं राखाडी झालं,
बायकांच्या केसांवर राख सांडल्यासारखं.
मागे घेतला. गॅमाला हात घातला.
काळं काळंच राहू द्यायचं,
पांढऱ्याला धक्का नाही,
मधल्यांना तेवढं पुढे बोलवायचं.
एक पूर्णांक एक. दोन. चार.

कुंची दिसली. घुगऱ्यांचं ताट.
मग लोखंडी कपाटाचा आरसा,
आणि आरशात, खांद्यावर कॅमेरा घेतलेला
एक पोरगेलासा माणूस,
एक डोळा मिटलेला.

बाईंनी स्क्रीनवर बोट टेकवलं.
"विद्याधर."
कोण, ते मी विचारलं नाही.
वरच्या मजल्यावर कुणीतरी ड्रिल मारत होतं,
ते थांबेपर्यंत आम्ही दोघं गप्प.
"सगळ्यांची शूटिंगं तोच करायचा," म्हणाल्या,
"म्हणून कशातच नाही."

मी सेटिंग सेव्ह करायला गेलो.
"नको. होतं तसं करा."
"अहो, पण एवढं—"
"आता ठाऊक आहे ना, कुठे बघायचं."

गॅमा एकवर आणला. आरसा विझला.
बिलावर लिहिलं: ड्रायव्हर, दीडशे.
'दोष' या रकान्यात पेन टेकवून
बराच वेळ बसलो.
मग लिहिलं,
वीज गेली होती.