पासंग

एक किलो पोलाद, लाकडी पेटीत,
न्हावा-शेव्याच्या कस्टममध्ये अकरा दिवस अडकलेलं.
"आत काय आहे?"
"एक किलो."
"ते कळलं हो. पण कशाचं?"

महापेच्या तळघरात दोन दिवस
त्याला नुसतं बसू दिलं,
आमच्या हवेची सवय होईपर्यंत.
मग रात्री अडीचला,
बेलापूर रस्त्यावरचे कंटेनर विरळ झाल्यावर,
श्वास आवरून, चिमट्याने.

सात देश. सात बंद पाकिटं.
दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही.

उघडली, तर आमचं माप
नैरोबीपेक्षा केसभर जड,
लिस्बनचं आमच्याहून.
पंधरवडाभर पत्रं. चूक कुणाची?
शेवटी रुथ वांजिकूने लिहिलं :
कुणाचीच नाही. वजनच वाढत गेलंय,
प्रत्येक बंदराची थोडी हवा अंगावर घेत.

अहवाल सगळ्यांना फुकट ठेवलाय.
पैसे लोकांचेच होते,
दिवाळ्यात कोळंबी विकणाऱ्या माझ्या आईचेही.

तिला सांगितलं सगळं.
तिचा काटा तोवर बरोबर मध्ये आलेला.
"मापान पाप नको गो," म्हणाली,
आणि वर मूठभर टाकली.

ती मूठ कुठल्या रकान्यात लिहायची,
रुथला विचारायला हवं.