सामाईक फळी

टाइल्सची खोकी दोन दिवस आधीच स्वयंपाकघरात आणून ठेवा,
दुकानातल्या कोवळ्या पोराने बजावलं,
त्यांना घराची हवा लागू दे.
मी मनात म्हटलं, मलाही लागू दे.
अकरा वर्षं अल्बर्टात काढून
परवाच उतरलेय मी ग्लेस बेमध्ये.

आई खुर्चीत बसून बघतेय, मांडीवर चहाचा मग.
तिचे गुडघे कधीच गेले.
जमीन मात्र तिच्याहून जास्त कुरकुरते.

आधी लिनोलियम. एकावर एक तीन:
करडं, त्याखाली हिरवं, त्याखाली लाल चौकड्यांचं.
तुकडा तपासायला पाठवला होता मागच्या महिन्यात,
बिनधोक आहे, असा निरोप आल्यावरच
पहार उचलली.
लाल मला आठवतं. त्यावर रांगलेय मी.
गुंडाळी करून बाहेर टाकलं.

खाली फळ्या. खाणकंपनीने घाईत ठोकलेल्या,
एका छपराखाली दोन घरं, मधे एक भिंत.
आमची बाजू पिवळी, लॉकलनची निळी.
रंगसुद्धा कधी एकमेकांना विचारून दिला नाही.

स्टेपल उपटले, चारशे बारा.
मोजायला कुणी सांगितलं नव्हतं.
वर आलेली खिळ्यांची डोकी आत बसवली.
मग कुरकुरणाऱ्या फळीवर उभं राहायचं,
दबली की तुळईपर्यंत स्क्रू.
एक गप्प झाली.
दुसरी गप्प झाली.
तिसरी ऐकेना.
इकडे आवळली
तर आवाज भिंतीपलीकडे गेला.

पोटावर पडून टॉर्च मारला.
फळी अखंड आहे. भिंतीखालून सरळ
लॉकलनच्या स्वयंपाकघरात गेलीय.
भिंत मागाहून आली,
फळीच्याच पाठीवर उभी राहिली.

त्याच्याकडे जायचं नाही, आई म्हणाली.
भांडण कुंपणावरून झालं की कोळशाच्या कोठीवरून,
तिला धड सांगता येत नाही.
जायचं नाही, एवढं पाठ आहे.

गेले नाही. भिंतीवर तीनदा टकटक केलं.
बराच वेळ काहीच नाही.
मग पलीकडून, अगदी जमिनीलगत, खोकला.
"दारापासून तिसरी?"
"चौथी."
"थांब."
पेटी ओढल्याचा आवाज. गुडघे टेकल्याचा, शिवीसकट.
"आता उभी राहा तिच्यावर."
राहिले. तो आवळत गेला.
पायाखाली काहीतरी केसभर खाली बसलं.
"बोलते का?"
टाचेने दाबलं. पुन्हा दाबलं.
"नाही बोलत."

मग फटींत लुकण. वाळू दिलं, घासलं.
पाणसळ फिरवली, नंतर तळहात.
तळहाताला जास्त कळतं.

या टाइलच्या पाठीला गोंद आधीपासून असतो,
ती आपल्याकडे फार काही मागत नाही.
पण खाली मोहरीएवढा खडा राहिला
तर वर्षाच्या आत तो वर दिसतो, फोडासारखा.
आणि धूळ राहिली तर ती धुळीलाच चिकटते,
धूळ घेऊनच सुटून येते.

म्हणून झाडलं. कोपरे ब्रशने. मग परत झाडलं.
प्रायमरचा पातळ हात दिला, दुधाळ,
वाळला की दिसेनासा होणारा.
उद्या सकाळपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही.

त्यामुळे आई खुर्चीसकट बाहेर, पोर्चवर.
समुद्राचा खारट वारा, कानटोपी.
कठड्यापलीकडे लॉकलन, हातात अजून स्क्रूड्रायव्हर.
कुणी कुणाकडे बघत नाही.
"टाइल्स उरतील का गं?"
आई मला विचारते, मला लागतं त्याहून मोठ्याने.
मी हिशेब करते. कडा, कापाकापी, माझ्या चुका.
"एक खोकं उरेल."
"काही घरांत सिंकपुढे फुगलेलं असतं," आई
समोरच्या तारेवरच्या समुद्रपक्ष्याला सांगते.

पक्षी काही बोलत नाही.
"आधी खालची फळी बघावी लागेल,"
निळ्या बाजूने आवाज येतो,
"कुजली असली तर टाइल लावून उपयोग नाही."
"पहार आहे माझ्याकडे," मी म्हणते.
"माझ्याकडेही आहे," लॉकलन म्हणतो,
आणि आत जातो, दार उघडं ठेवून.